सही केलेली मतपत्रिका

विनिपेग,
३ मे १९५६

प्रिय आल्डिस,

मंत्र्याचं पत्र म्हणून दचकू नकोस. फोनच करणार होतो. पण साँडविकच्या एका लाइनवर पंचेचाळीस घरं, आणि घंटी कुणाचीही वाजो, पंचेचाळीस घरांत रिसीव्हर उचलला जातो. मागे तुला माझ्या दाढदुखीचं सांगितलं, तर आठवड्याभरात तीन बायकांनी लवंगेचं तेल पाठवलं. म्हणून कागद.

निवडणूक लागली. मंगळवार, १२ जून. तुझ्या नेमणुकीचा हुकूम वेगळा येईल. गेल्या वेळेप्रमाणे आपल्या मतदारसंघाची निवडणूक निर्णय अधिकारी तूच. नाव मी सुचवलं. वाचनालयाची चिटणीस आहेस, सगळ्यांना वचक आहे, आणि पुस्तक उशिरा आणणाऱ्या पाद्रीबुवांनाही तू सोडत नाहीस.

आता खरं काम. तळ्याच्या तोंडाशी बांधलेल्या बंधाऱ्याची दारं या हिवाळ्यात पहिल्यांदा बंद होतील. थंडीत शहराला वीज लागते, त्यासाठी पाणी अडवून धरायचं. इंजिनियरांचा अहवाल माझ्या टेबलावर पडला आहे. माझा बाप, पाबी, तळ्याकाठच्या खुंटावर पाण्याच्या पातळीच्या खाचा पाडतो; त्यातली सगळ्यात वरची खाच तुला ठाऊक आहे, १९०८ च्या पुराची. पाणी तिच्याही वर दोन फूट जाणार. म्हणजे पाबीचं घर, किनाऱ्याची अठरा घरं, गवताची कुरणं आणि अर्धी दफनभूमी.

हे मी लोकांना सांगणार आहे. पण १३ जूनला. आज सांगितलं तर मी पडलो, आणि मी पडलो तर यांना नवी जागा कोण मिळवून देणार? वासिल हुमेनिक? तो आतल्या भागातला गहूवाला, तळ्यावर येतो तो सहलीला.

मोजणीवाले लाल झेंड्यांच्या खुंट्या ठोकत येतील. कुणी विचारलं तर रस्त्याचं काम आहे म्हण. आणि पाबीला सांभाळ.

तुझा,
बाल्दुर

* * *

साँडविक,
९ मे १९५६

प्रिय बाल्दुर,

हुकूम पोचला. शपथ घेतली. तुझं पत्रही पोचलं, आणि तेही निवडणुकीच्या फायलीत लावलं. या कामात मला आलेला प्रत्येक कागद मी फायलीत लावते. तेव्हा पुढचं पत्र लिहिताना हे ध्यानात ठेव.

रस्त्याचं काम आहे असं मी सांगणार नाही. मी विसाव्या वर्षापासून या गावात पुस्तकं देते घेते. खोटं बोलले तर कोणत्या तोंडानं उद्या पाच दिवसांचा दंड मागू? पण अहवाल तुझा आहे, तो फोडण्याचा अधिकार मला नाही. निवडणूक अधिकाऱ्यानं एका उमेदवाराविरुद्ध तोंड उघडायचं नसतं. म्हणून गप्प बसते. हे गप्प बसणं मला किती जड जातंय ते तुला कळावं, म्हणून लिहिते आहे.

खुंट्या आल्या. एक लाल झेंडा चर्चच्या दुसऱ्या पायरीशी आहे. तुझा बाप काल काठी टेकत सगळ्या झेंड्यांवरून चालत गेला. मग माझ्याकडे येऊन बसला, साखरेचा खडा दातांत धरून दोन कप कॉफी प्याला आणि म्हणाला, "आल्डिस, रस्ता तळ्याकाठानं असा नागमोडी कोण नेतो? गाय की सरकार?"

मी म्हटलं, "ग्रीमुर, ते बाल्दुरलाच विचार."

"विचारणार आहे," म्हणाला. "तो नगरपालिकेचा चिटणीस होता तेव्हा विचारावं लागत नव्हतं. आपणहून येऊन सांगायचा. चिटणीस म्हणून बरा होता पोरगा."

बाल्दुर, तू चोवीस वर्षांचा असताना हिमवादळात घोड्यावरून घरोघर जाऊन सांगितलं होतंस की उत्तरेचा पूल तुटला आहे, कुणी जाऊ नका. तेव्हा तू मतं मोजली नव्हतीस.

आल्डिस

* * *

विनिपेग,
२९ मे १९५६

प्रिय आल्डिस,

सभा तू पाहिलीस. दिवाणखान्यातल्या खुर्च्यासुद्धा लोकांनी सभागृहात आणून टाकल्या होत्या. अकरा वर्षांत केलेली कामं सांगितली, टाळ्या पडल्या. आणि मग पाबी उठला. टोपी काढली नाही.

"बाल्दुर," म्हणाला, "एकच विचारतो. हिवाळ्यात पाणी माझ्या खाचेच्या खाली राहणार की वर जाणार?"

मी म्हणालो, "खाचेच्या वर जाणार नाही, पाबी."

तोंडातून निघून गेलं. पहिल्या रांगेत अठरा घरांपैकी बारा घरं बसलेली. अण्णा, ती किनाऱ्यावरची पोरगी, बाळाला घेऊन बसलेली. दुसरं काय बोलणार होतो? शंभर माणसांसमोर 'वर जाणार' म्हणालो असतो तर तिथंच सभा उधळली असती.

पाबी "बरं" म्हणाला आणि खाली बसला. नंतर कॉफीला थांबला नाही. विनारतेर्ता केकचा तुकडासुद्धा घेतला नाही, जो तो आजारपणातही सोडत नाही. तू त्याच्याशी बोललीस का? त्याच्या मनात काय आहे? अजून तो आईच्या थडग्याचं धरून बसलाय का? गेल्या वर्षी किनारा ढासळला, तेव्हा थडगं हलवायला मी चार माणसं पाठवली, स्वतः आलो नाही, हे मला मान्य आहे. अधिवेशन चालू होतं.

बाल्दुर

* * *

साँडविक,
१३ जून १९५६

प्रिय बाल्दुर,

सरकारी तार तुला मिळाली असेलच. तरी माझ्या हातानं लिहिते. सर्व केंद्रांचे आकडे जुळवून पाहिले, तीनदा.

वासिल हुमेनिक, १८४२.
बाल्दुर ओडसन, १८४१.

एक मत.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मतदान होईपर्यंत उमेदवाराला घरगुती पत्र लिहिणं बरोबर नव्हतं. तू ग्रीमुरबद्दल विचारलं होतंस. ग्रीमुर तुझ्या आईच्या थडग्याचं धरून बसलेला नाही. सभेच्या दुसऱ्या दिवशी त्यानं जाळी ठेवायच्या खोपटातून पेट्या बाहेर काढायला सुरुवात केली. उंचावर, माझ्या अंगणात आणून रचतोय. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

आज १३ जून. तू सांगणार होतास.

आल्डिस

* * *

विनिपेग,
१५ जून १९५६

प्रिय आल्डिस,

१३ जूनला मी मंत्री म्हणून सांगणार होतो, हरलेला माणूस म्हणून नाही. हरलेल्याचं कोण ऐकतं?

मी न्यायाधीशांकडे फेरमोजणीचा अर्ज केला आहे. एका मतानं कुणी हरत नसतं. एक मत म्हणजे कुणाचा तरी पेन्सिलीचा गोंधळ. साँडविकची पेटी नीट बघायला सांगणार आहे. माझं गाव, माझे लोक, आणि तिथे हुमेनिकला छत्तीस मतं? साँडविकमध्ये छत्तीस माणसं मला नाकारतात, हे मला पटत नाही. तिथला केंद्राध्यक्ष स्टेब्बी दुकानदार, त्याला साखर नीट मोजता येत नाही, मतं काय मोजणार! वकील पाठवतो आहे. मी स्वतः येणं बरं दिसत नाही.

एकच वाक्य मला रात्रंदिवस टोचतं. एक मत कुणाचं?

बाल्दुर

* * *

साँडविक,
२८ जून १९५६

प्रिय बाल्दुर,

तुझ्या वकिलाची तार तुला काल मिळाली असेल: हुमेनिकचं एक मत बाद, दोघांना १८४१, समसमान. खाली 'अभिनंदन' असंही त्यानं घातलं होतं म्हणे. बाद झालेलं मत कुणाचं, हे त्यानं लिहिलं नसणार. मी तिथे होते, म्हणून मी लिहिते. खुर्चीवर बसून वाच.

साँडविकची पेटी उघडली. न्यायाधीश एकेक कागद उचलत होते. तेविसावा की चोविसावा असेल. त्यांचा हात थांबला. हुमेनिकच्या नावासमोर ठळक फुली होती, आणि तिच्याखाली जुन्या वळणाचं, सरळ, न थरथरता काढलेलं अक्षर: ग्रीमुर ओडसन, साँडविक.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटली की ती बाद, हा नियम मला पाठ आहे. त्यांनी स्टेब्बीला बोलावून विचारलं, "ही तुम्ही मोजणीत धरलीत कशी?"

स्टेब्बी म्हणाला, "साहेब, बाकीच्या कागदांवर नाव नाही, तरी ते धरले. याच्यावर तर नाव आहे. हा जास्त खरा नाही का?"

न्यायाधीश हसले नाहीत. तुझ्या इथल्या प्रतिनिधीला विचारलं, "तुम्ही हरकत का घेतली नाही?" तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "बापानं मुलाविरुद्ध दिलेलं मत मी त्या पोराला कसं दाखवणार होतो?" तुझी लाज झाकायला तो तुला हरवून बसला, बाल्दुर. आणि फेरमोजणी मागून ती लाज तू स्वतः उघडलीस.

आता कायदा असा. समसमान मतं पडली की निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं आपलं मत द्यायचं. मी १२ जूनला मत दिलं नव्हतं. अधिकारी देत नाही. ते मत आता द्यायचं आहे. शनिवार, ७ जुलै, दुपारी बारा वाजता, सभागृहात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

मी झोपेन असं वाटत नाही.

आल्डिस

* * *

विनिपेग,
३० जून १९५६

आल्डिस,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. म्हातारा चुकला आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, डोळ्यात मोतीबिंदू; ओळ चुकली आणि माझ्याऐवजी हुमेनिकवर फुली पडली. सही केली ती अभिमानानं, मुलाला मत दिलं म्हणून. दुसरा अर्थ लागतच नाही. तू त्याला विचार. त्याच्या तोंडून 'चुकलो' हा शब्द घे, आणि मला कळव.

आणि फायलीत लाव हवं तर, पण हे वाच. तुला ही नेमणूक कुणी दिली? वाचनालयाचं गळकं छप्पर कुणी घातलं? मी काही मागत नाही. आठवण देतो आहे. तू हुमेनिकला मत दिलंस, तर या किनाऱ्याची बाजू मांडणारा सरकारात एकही माणूस राहणार नाही. पाणी यायचं तेवढं येणारच आहे. प्रश्न एवढाच आहे की ते येईल तेव्हा तुमच्या बाजूनं कोण उभा असेल.

तुझं मत एक असेल, पण त्यावर अठरा घरं आहेत.

बाल्दुर

* * *

साँडविक,
३ जुलै १९५६

बाल्दुर,

छप्पर तू घातलंस. खरं आहे. मात्र मी समजत होते की ते पुस्तकं भिजू नयेत म्हणून घातलंस. ते माझ्या मतासाठी घातलं असेल तर सांग, गावकऱ्यांना घेऊन उद्या उतरवते. पुस्तकं भिजलेली परवडतील.

तू मागितलंस म्हणून ग्रीमुरला विचारलं. तुझं पत्र दाखवलं नाही, फक्त विचारलं, "ग्रीमुर, ओळ चुकली का? आणि सही का केलीस?" त्यानं जाळं विणता विणता मान वर केली. मग आत जाऊन हा कागद लिहून आणला. सोबत जोडते.

> बाल्दुर,
> डोळे चांगले आहेत. ओळ चुकली नाही. मी सभेत विचारलं, तू उत्तर दिलंस, मी त्या उत्तराला मत दिलं.
> सही का केली असं ही विचारते. सही नसलेलं पत्र मी आयुष्यात कुणाला लिहिलं नाही. पडद्याआड जाऊन पोटच्या पोराविरुद्ध फुली मारायची आणि बाहेर येऊन त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, हे मला जमलं नसतं. मत बाद होतं हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी केली असती.
> ग्रीमुर ओडसन

आता माझं ऐक. तू लिहितोस की पाणी येणारच आहे, प्रश्न फक्त कोण उभा असेल. नाही, बाल्दुर. प्रश्न हा आहे की माणसांना पाणी येण्याआधी कळणार की पायांना थंड लागल्यावर. अण्णानं मागच्या आठवड्यात घराच्या पुढच्या खोलीला नवी जमीन बसवली. तुझ्या शब्दावर. नवी पाइन फळी, वास अजून जात नाही. मी तिच्या दारात उभी राहिले आणि 'छान' म्हणाले. हे पाप तुझ्यामुळे माझ्या माथी आलं. लोकांना सांगून हरलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो. न सांगता जिंकलेल्याला खुर्ची मिळते, बाकी काही नाही. आपण दोघांनी वाचनालयात बसून वाचलेल्या हजार पानांत दुसरं काय होतं सांग?

मी कुणाला मत देणार ते लिहिणार नाही. कोणतीही अट घालत नाही. अट घातली तर मीही सौदा करणारी ठरेन. शनिवारपर्यंत तुझी पत्रं आली तर न उघडता फायलीत जातील.

आल्डिस

* * *

साँडविक,
८ जुलै १९५६

प्रिय बाल्दुर,

काल बाराला पंधरा मिनिटं कमी असताना सभागृहातल्या भिंतीवरच्या फोनची घंटी वाजली. एक लांब, न तुटणारी. तुला माहीत आहे ती आपल्याकडे कधी वाजते: आग लागली, कुणी बुडालं, वादळ आलं. प्रत्येक घरानं उचलायचंच. स्टेब्बीनं धावत जाऊन उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर कानापासून लांब धरला, म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू यावं.

एक्स्चेंजवरची लोआ आज मला सांगत होती. तू म्हणालास, "लांब घंटी दे." ती म्हणाली, "बाल्दुर, आग लागलीय का?" तू म्हणालास, "हो. दोन महिन्यांपूर्वी लागलीय."

पुढचं तू बोललास, मी ऐकलं. तरी लिहिते, कारण बोलताना तुला आमचे चेहरे दिसत नव्हते. "पाणी पाबीच्या खाचेच्या वर दोन फूट येणार. मला मे महिन्यापासून माहीत होतं. सभेत मी खोटं बोललो. लाल झेंडे रस्त्याचे नाहीत. अण्णा, नवी जमीन उचकटून घे, फळ्या जपून काढ." तुला अण्णाच्या जमिनीचं कसं कळलं, हे सगळ्यांना कोडं पडलं, ते फक्त मला ठाऊक होतं. तू थांबलास. पण फोन ठेवला नाहीस. इकडेही कुणी ठेवला नाही. पंचेचाळीस घरांचा श्वास त्या तारेत येत होता.

ग्रीमुर तिसऱ्या रांगेत होता. उठला. टोपी काढली. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "आल्डिस, पोरानं सांगितलं. माझं मत बदललं. आता मी त्याला देतो."

मी तर ठरवून आले होते: माझं असं काही मत द्यायचं नाही, ग्रीमुरचं बाद झालेलं खरं मत पेटीत परत टाकायचं. आणि तोच ते मागे घेत होता. सभागृह माझ्याकडे बघत होतं. अण्णा रडत होती, आणि रडता रडता मान हलवत होती, 'दे, त्यालाच दे' म्हणून. वासिल हुमेनिक भिंतीला टेकून उभा, हातात टोपी. भला माणूस आहे तो.

मी म्हटलं, "ग्रीमुर, तू मत दिलंस १२ जूनला. त्या दिवशी जे उत्तर मिळालं होतं त्यावर दिलंस. ते बरोबर होतं."

म्हाताऱ्यानं टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, "हो. होतं." आणि जागेवर जाऊन बसला.

बारा वाजले. मी उभी राहून म्हणाले, "माझं मत वासिल हुमेनिक यांना."

तारेत तू ते ऐकलंस. मी तुझं 'ठीक' ऐकलं. मग खट् झालं.

कारण सांगते, ते तुझ्यापासून लपवणार नाही. माझं मत जाहीर होण्याआधी पंधरा मिनिटं सांगितलेल्या खऱ्यावर मी तुला खुर्ची दिली असती, तर पुढचा प्रत्येक मंत्री खरं बोलायला शेवटची पंधरा मिनिटंच राखून ठेवेल. तू जे बोललास त्याची किंमत खुर्चीच्या रूपानं चुकती केली असती, तर ते बोलणं बोलणं राहिलं नसतं. तुला मी ते स्वच्छ परत दिलं आहे. आज हे तुला क्रूर वाटेल. वाटू दे.

मी फाइल बंद केली. तुझी ३ जुलैनंतर आलेली दोन पत्रं तशीच बंद आहेत. हवीत तर परत पाठवते.

आल्डिस

* * *

विनिपेग,
१८ सप्टेंबर १९५६

प्रिय आल्डिस,

ती दोन पत्रं चुलीत घाल. पहिल्यात मी तुला शिव्या दिल्या आहेत आणि दुसऱ्यात माफी मागितली आहे. दोन्ही तेवढ्याच वाईट भाषेत.

दोन महिने कुणाला तोंड दाखवलं नाही. काल हुमेनिक आला. हो, तोच. माझ्या एका खोलीत, माझ्या एकुलत्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "किनाऱ्याची अठरा घरं आणि दफनभूमी बर्फ पडायच्या आत उंचावर न्यायची आहे. सरकार एक प्रशासक नेमतंय. मी तुझं नाव दिलं."

मी म्हणालो, "माझं? मी खोटं बोललो होतो."

"म्हणूनच," म्हणाला. "आता तुझ्यावर डोळे ठेवायला पंचेचाळीस घरं बसली आहेत. एवढी देखरेख कुठल्या साहेबावर आहे?"

मतं मागायची नाहीत, भाषणं करायची नाहीत. मोजमाप, नोंदी, गाड्या, दोरखंड, फळ्या. चिटणिसाचं काम. मी अजून हो म्हटलेलं नाही. पाबीच्या घरापासून सुरुवात करावी लागेल, ते सगळ्यात खाली आहे. त्याच्या दारात उभं राहायची मला हिंमत होत नाही. तू त्याला विचारशील का, मी आलो तर चालेल का? नको म्हणाला तर मी हे काम घेणार नाही.

बाल्दुर ओडसन

(पूर्ण नाव लिहिलं. आता तशीच सवय लावतो आहे.)

* * *

साँडविक,
२१ सप्टेंबर १९५६

प्रिय बाल्दुर,

विचारलं. त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं. मी कॉफी ओतली, त्यानं साखरेचा खडा उचलला, पुन्हा वाटीत ठेवला, आणि माझ्याकडून कागद मागून घेतला. जे लिहिलं ते हे. मी एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही.

> बाल्दुर,
> खुंट दोन फूट वर न्यायचा आहे. अठ्ठेचाळीस वर्षं जमिनीत आहे, एकट्याला उपटत नाही. पहार माझ्याकडे आहे. शनिवारी ये.
> ग्रीमुर ओडसन

आल्डिस